ॲसिरियन लोक नुसते क्रूर होते का?

नदीकाठ
शाळेत बॅबिलोन म्हटलं की हम्मुराबीची संहिता आणि झुलत्या बागा शिकलो. त्याच्याच उत्तरेकडच्या, आजच्या इराकातल्या ॲसिरियाच्या वाट्याला मात्र ‘क्रूर आणि लढाऊ लोक’ एवढंच. हा अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे. गिल्गमेश राजाची प्राचीन महाकाव्यातली कथा आज आपल्या हाती आहे ती मुख्यतः ॲसिरियाची राजधानी निनवे इथल्या राजवाड्यातल्या मातीच्या पाट्यांमुळे. असुरबनिपाल राजाने इ.स.पू. सातव्या शतकात त्या जमवल्या. तुकडे धरून ३०,००० हून अधिक पाट्या आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. इ.स.पू. ६१२ मध्ये इराणातल्या मीड लोकांच्या आणि बॅबिलोनी फौजांनी निनवे जाळलं. कातडं-लाकूड खाक झालं, माती उरली. १८७२ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज स्मिथला त्यातल्याच एका पाटीवर महापुराची गोष्ट सापडली.

शिवाय जेरवानचा जलसेतू पाहा. असुरबनिपालचा आजोबा सेन्नाचेरिब याने निनवेला पाणी आणण्यासाठी सुमारे २० लाख दगड रचून ओढ्यावरून कालवा नेला, तोही रोमनांच्या कितीतरी आधी. अशा लोकांची ओळख एका शब्दात कशी संपवता?

खडूफळा
असहमत. ‘क्रूर’ हा शब्द शत्रूंनी चिकटवलेला नाही, त्यांनी तो स्वतः कोरून ठेवलाय. बंडखोरांची कातडी सोलून खांबाला गुंडाळली, असं ॲसिरियाचा राजा असुरनासिरपाल दुसरा आपल्या शिलालेखात अभिमानाने सांगतो. इ.स.पू. ७०१ मध्ये सेन्नाचेरिबने यहूदा या ज्यू राज्यातलं लाखीश शहर जिंकलं आणि त्या वेढ्याची चित्रं आपल्या महालाच्या भिंतीवर कोरून घेतली. त्यात एक बैलगाडी आहे. वर गाठोडी, गाठोड्यांवर बायका-मुलं, घर सोडून निघालेली. त्याच पटात जमिनीला ताणून बांधलेल्या माणसांची कातडी सोलणं चाललंय.

असुरबनिपालच्या उद्यानभोजनाचं शिल्पही विसरू नका. राजा द्राक्षवेलीखाली पहुडलाय, समोर राणी, आणि झाडाला शेजारच्या एलाम राज्याच्या राजाचं मुंडकं टांगलेलं. जेवताना नजरेसमोर हे हवं, असं वाटणाऱ्या माणसाला मी केवळ ‘ग्रंथप्रेमी’ म्हणणार नाही.

दुआबातला
मग बॅबिलोनला सूट का? जेरुसलेमचं मंदिर पाडून लोकांना हाकलून नेणारा राजा नेबुखद्नेसर बॅबिलोनचाच. तरी त्याचं नाव काढलं की बागा आठवतात, आणि त्या बागांचा पक्का पुरावा अजून उत्खननात मिळालेला नाही. बॅबिलोनचं खरं मोठेपण आकाशाच्या नोंदींत आहे. शतकानुशतकं त्यांनी ग्रहणं लिहून ठेवली आणि सुमारे १८ वर्षांचं चक्र ओळखलं. तासाची ६० मिनिटंही त्यांच्याच साठाच्या गणितातून आली. पण राज्य चालवण्याची रीत दोघांची एकच होती.

खडूफळा
@दुआबातला, हे मान्य. पण ग्रंथालयाबद्दल अजून एक सांगते. इ.स.पू. ६४८ मध्ये असुरबनिपालने सख्ख्या भावाच्या ताब्यातलं बॅबिलोन जिंकलं. त्यानंतर निनवेत किती पाट्या आल्या याच्या याद्या आहेत. त्याच काळातल्या एका टिपणात बॅबिलोनियातल्या निप्पूर शहराच्या राज्यपालाच्या मुलाबद्दल लिहिलंय, की त्याने ग्रंथमाला (पाट्यांची मालिका) लिहून पूर्ण केली आणि त्याला बेड्या घातल्या. ग्रंथालय असंही भरत होतं.

नदीकाठ
हे टिपण मला माहीत नव्हतं. वाचून गप्प झालो. निदान ग्रंथांबद्दलचं माझं पहिलं वाक्य आता मी तसंच लिहिणार नाही.

पण दुसरं एक पत्रही वाचा. विस्थापित अरामी लोकांना वाटेला लावण्याबद्दल एका अधिकाऱ्याने राजाला लिहिलंय: अन्न, कपडे, पाण्याची पखाल, बुटांचा जोड आणि तेल देईन, गाढवं अजून यायची आहेत. ज्या राज्याला नुसतं मारायचंच असतं ते बुटांचा हिशोब ठेवत नाही. त्यांना शेत कसणारे आणि कारागीर जिवंत हवे होते.

खडूफळा
हवे होते, म्हणूनच तर उचलून नेले. ॲसिरियाचा राजा सारगोन दुसरा इस्रायलची राजधानी समारिया इथून २७,२९० माणसं नेल्याचं सांगतो. बूट मिळाले म्हणून आपली विहीर, आपलं शेत परत मिळालं नाही.

दुआबातला
मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निमरूद या ॲसिरियन राजधानीतल्या राजवाड्याचे शिल्पपट आहेत, जमलं तर बघून या. त्या राजवाड्यात कोरलेल्या आकृत्यांच्या थेट अंगावरून कीलाकार (खिळ्यांच्या आकाराच्या) अक्षरांच्या ओळी गेल्यात. राजाची तीच ती बिरुदं आणि तेच विजय, पटामागून पट. २०१५ मध्ये इस्लामिक स्टेटने मूळ ठिकाणचा राजवाडा स्फोटकांनी उडवला, त्यामुळे बाहेर जे उरलंय ते जपायलाच हवं, राजा कसाही असो.

खडूफळा
जपायला हवं, यावर वादच नाही. मी इतिहास शिकवते. यंदा या धड्याला ‘क्रूर’ शब्दापासून सुरुवात करणार नाही, एवढं नदीकाठ यांचं ऐकते. लाखीशची ती बैलगाडी फळ्यावर काढेन आणि मुलांना विचारेन, गाठोड्यात काय काय बांधलं असेल?