पोकेमॉन कार्डं म्हणजे मुलांचा मटका? अजिबात नाही

कर्वेनगरची आई: सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी टाकलं, "पोकेमॉन कार्डं म्हणजे लहान मुलांचा मटका, पाकिटं घेऊन देणं बंद करा." तिथे गप्प बसले पण रात्रभर डोक्यात तेच, म्हणून इथे लिहिते. माझा मुलगा चौथीत, वजाबाकी म्हटलं की रडारड. आता खेळताना समोरच्याच्या कार्डावरच्या पोकेमॉनचे १२० एचपी (म्हणजे जीव), आपला हल्ला ४०, तो पाण्याला कमजोर म्हणून दुप्पट, ८० गेले, उरले ४०, हे पटकन सांगतो. ६० कार्डांचा डेक (खेळायचा संच), बेसिक एनर्जी (हल्ल्याला लागणारी ताकदीची साधी कार्डं) सोडून एका नावाची चारच कार्डं चालतात, मग काय ठेवायचं नि काय काढायचं यावर ताईशी तासभर भांडण. हा मटका?

पेठेतला: खेळ चांगला असेल हो, पण पाकीट फोडणं जुगारच. आत काय निघेल माहीत नाही, भारी कार्ड निघेपर्यंत पोरगं पुढचं पाकीट मागत राहतं. लोगन पॉल या यूट्यूबरने २०२१ मध्ये पिकाचू इलस्ट्रेटर या एका दुर्मिळ कार्डाला ५२ लाख ७५ हजार डॉलर मोजले हे ऐकल्यापासून माझा भाचा कार्डं कव्हरात घालून कपाटात ठेवतो. खेळतंय कोण?

बिबवेवाडीकर: जुगाराचं सोडा, डुप्लिकेटचं बोला. माझ्या पोराने दिवाळीचे पैसे साठवून शाळेजवळच्या दुकानातून सोनेरी कार्डांचा डबा आणला. खेळायला गेला तर मोठ्या पोरांनी "फेक आहेत" म्हणून बाजूला बसवलं. रात्री जेवला नाही. दुकानदार म्हणतो, "खेळणंच आहे ना ताई!"

पेठेतला: बघून घ्यायचं ना मग. खऱ्या कार्डात मधे काळा थर असतो, मागून टॉर्च धरला की कळतं.

बिबवेवाडीकर: नऊ वर्षांचं पोर टॉर्च घेऊन दुकानात जाणार का? फसवणारा मोकळा आणि फसलेल्याला शहाणपण, वा!

येरवडा: डुप्लिकेटला इतकं पण बोलू नका. आमच्या गल्लीतली पोरं १० रुपयांच्या पाकिटावरच खेळतात, खरं त्यांना परवडणार नाही. आम्ही नाही का चिप्समधले टॅझो जमवले, तेव्हा कुणी टॉर्च मारला नव्हता. पोराला खेळातून उठवलं ते वाईट, कार्ड नाही.

बिबवेवाडीकर: १० रुपयाला १० चं म्हणून विका की. खरी कार्डं म्हणून घेतले ना पैसे!

कर्वेनगरची आई: दोघांचंही पटतं. आणि पेठेतले, पाकिटाबद्दल तुमचं खरं आहे, आम्ही पण बंदच केली, लागेल ते कार्ड सुटं घेतो. मुलगा चारिझार्ड या एका कार्डासाठी सगळा गठ्ठा द्यायला निघाला होता. मग ताईने जुन्या पहिल्या सेटमधलं, १०२ पैकी ४ नंबरचं, वाचून दाखवलं. आधी चार्मँडर खेळायचा, त्यावर चार्मिलियन, मग त्यावर हा, हल्ल्याला ४ एनर्जी, त्यातल्या २ दर वेळी टाकून द्यायच्या, आणि हातातून जोडता येते पाळीला एकच. गठ्ठा वाचला.

पेठेतला: बरं, खेळ म्हणून मान्य. पाकीट मात्र मी भाच्याला घेऊन देणार नाही म्हणजे नाही.

बिबवेवाडीकर: ताई, पोराला आणू का एखाद्या रविवारी? कार्डं तीच आहेत त्याच्याकडे.

कर्वेनगरची आई: आणा की. तीच आणा, आमच्याकडे कुणी उठवणार नाही.