उत्तर: बंगाली राष्ट्रवादाची सुरुवात १९७१ ची नव्हे

कुणीतरी म्हटलंय की पूर्व पाकिस्तानातला, म्हणजे आजच्या बांगलादेशातला, बंगाली राष्ट्रवाद १९७० च्या निवडणुकीनंतर उफाळला. उफाळला तेव्हा, हे मान्य. पण ठिणगी फार आधीची. पाकिस्तान झाल्या झाल्या टपाल तिकिटं, मनीऑर्डरचे फॉर्म आले ते उर्दू-इंग्रजीत. बंगाली गायब! देशातले निम्म्याहून जास्त लोक बंगाली बोलणारे, आणि गावी पैसे पाठवायचा फॉर्म त्यांनाच वाचता येईना.

फेब्रुवारी १९४८ मध्ये पूर्व बंगालमधल्या कोमिल्लाच्या धीरेंद्रनाथ दत्तांनी पाकिस्तानच्या संविधान सभेत उर्दू-इंग्रजीच्या जोडीला बंगालीही चालावी, एवढंच मागितलं. पंतप्रधान लियाकत अलींनी ते उडवून लावलं. पुढच्याच महिन्यात जिनांनी ढाक्यात येऊन बजावलं, राष्ट्रभाषा उर्दूच. २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात बंगालीसाठी आंदोलन करणाऱ्यांवर पोलिसांनी केलेला गोळीबार सगळ्यांना माहीत असतो. मला मात्र त्यानंतरची गोष्ट जास्त बोलकी वाटते: मेडिकल कॉलेजच्या पोरांनी मेलेल्यांच्या आठवणीत रातोरात शहीद मिनार उभारला, पोलिसांनी तीन दिवसांत तो पाडला.

बाकी पश्चिम पाकिस्तानकडून आर्थिक पिळवणूक वगैरे होतीच. आणि हो, त्याच दत्तांना मार्च १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने घरातून उचलून नेलं. वय चौऱ्याऐंशी. परत आले नाहीत.