संसद स्थगित केली की कोंडी फुटते?
संसद अडून बसली तर सरकारने ती काही आठवडे स्थगित करावी, हे इथे मांडलेलं मत मला अजिबात पटत नाही. ब्रिटनमध्ये २०१९ ला पंतप्रधान जॉन्सन यांनी संसद स्थगित करायला लावली, त्या प्रकरणावर इथे बोलून झालंय, पण श्रीलंका सगळेच विसरले.

२६ ऑक्टोबर २०१८ ला राष्ट्राध्यक्ष सिरिसेना यांनी विक्रमसिंघेंना काढून राजपक्षेंना पंतप्रधान केलं आणि दुसऱ्याच दिवशी संसद स्थगित केली. बहुमत कोणाकडे, हे सभागृहात मोजायची सोयच राहिली नाही! तरीही आकडा जमेना, म्हणून ९ नोव्हेंबरला संसद थेट बरखास्त. १३ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली आणि तीन दिवसांनी विक्रमसिंघेच पुन्हा पंतप्रधान झाले. म्हणजे सात आठवडे देश लटकत ठेवून कोंडी होती तिथेच.