जुनी मोठी की नवी छोटी?

नमस्कार मंडळी,

लेकीला नुकतंच लायसन्स मिळालंय. वापरलेल्या दोन गाड्या समोर आहेत: २००४ ची भलीमोठी सेडान आणि २०१५ ची छोटी हॅचबॅक. घरातले ज्येष्ठ म्हणतात, "जाड पत्र्याची दणकट गाडीच घे." माझं काही ठरत नाहीये. कुणी सांगेल का?

*

ताई, नमस्कार.

पत्र्याच्या जाडीवर जाऊ नका. २००९ साली अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने १९५९ ची शेवरले बेल एअर आणि २००९ ची शेवरले मालिबू समोरासमोर धडकवल्या. बेल एअरमध्ये ड्रायव्हरची बसायची जागाच चेपली. चाचणीसाठी बसवलेल्या पुतळ्याऐवजी माणूस असता तर वाचला नसता. मालिबूत पायाच्या दुखापतीवर निभावलं असतं. नव्या गाडीचं नाक मुद्दाम चुरगळेल असं बनवतात, धक्का तिथेच जिरतो, आणि माणसं बसतात तो सांगाडा ताठ राहतो.

तरीही छोटी घ्या, असं मी म्हणणार नाही. २००० आणि १००० किलोच्या गाड्या ताशी ५० किलोमीटरने समोरासमोर आदळून एकमेकींत रुतल्या, तर जड गाडीचा वेग सुमारे ३३ ने बदलतो, हलकीचा ६७ ने. म्हणजे हलकी चक्क उलट दिशेला ढकलली जाते, आणि तो सगळा झटका आत बसलेल्यांना बसतो. त्याच वर्षी त्याच संस्थेने होंडाची छोटी फिट तिच्याच मध्यम आकाराच्या अकॉर्डवर आणि टोयोटाची छोटी यारिस मध्यम कॅमरीवर आदळवली. अडथळ्यावरच्या चाचणीत चांगला शेरा मिळवलेल्या या छोट्या गाड्या इथे मात्र कमी पडल्या. अडथळ्यावर आदळणं म्हणजे साधारण आपल्याच वजनाच्या गाडीशी टक्कर. म्हणून समोरच्या धडकेच्या चाचणीत गाडीला मिळालेले सुरक्षेचे स्टार एकाच वजनगटात ताडून बघायचे.

सेडानची मला वेगळीच काळजी वाटते. तिच्यात ईएससी आहे का? गाडी घसरू लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सरळ ठेवणारी ही यंत्रणा अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली. नवशिक्या हातांना ती हवीच. बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारखी उघडून डोकं सांभाळणारी पडदा एअरबॅगही आहे का, तपासा.

मी असतो तर दोन्ही सोडून २०१२ नंतरची मध्यम सेडान शोधली असती, जास्त चाललेली का असेना.

*

दादा, खूप आभार. विचारून घेतलं, सेडानमध्ये ईएससी नाही. मध्यम गाडी शोधायला लागते. मोठी एसयूव्ही बघू का?

*

पहिल्या गाडीसाठी नको, ताई. जड गाडी आतल्यांना सांभाळते, पण समोरच्या हलक्या गाडीतल्यांना तिचाच मार बसतो.