मदत हवी आहे: लिलावात घेतलेल्या शिवराईंवर अवाच्या सव्वा टपालखर्च

नमस्कार मंडळी. बाबांना जुन्या नाण्यांचा नाद आहे. त्यांच्या पंचाहत्तरीसाठी एका ऑनलाइन लिलावाच्या साइटवर पाच शिवराई घेतल्या. बोली १४५० रुपयांना सुटली. बोली लावताना पानावर टपालखर्च ९० रुपये दिसत होता, त्याचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. पण जिंकल्यावर बिलात 'पाठवणी, हाताळणी व विमा' म्हणून ६२० रुपये लावले, आणि कार्ड आधीच जोडलेलं असल्यामुळे ते परस्पर कापलेही गेले.

पाकीट साध्या स्पीड पोस्टाने आलं. चिठ्ठीवर पोस्टाने घेतलेली रक्कम छापलेली आहे, ती शंभराच्या आत. विम्याचा उल्लेख कुठेच नाही! नाणी मात्र अस्सल आहेत, बाबा खूश आहेत, त्यामुळे ती परत करायची नाहीत. मला फक्त जास्तीचे पैसे परत हवेत.

साइट म्हणते विक्रेत्याला विचारा, विक्रेता म्हणतो साइटला विचारा. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे डिलिव्हरी खर्चासह एकूण किंमत आधी दाखवावी लागते, आणि तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते. माझ्या मेलला नऊ दिवस झाले, पोचसुद्धा नाही.

आता १९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर) तक्रार नोंदवू की आधी बँकेकडे कार्डाच्या व्यवहाराबद्दल वाद दाखल करू? दोन्ही एकदम केलं तर अडचण येते का? आणि तक्रार साइटविरुद्ध करायची की विक्रेत्याविरुद्ध? कुणी असे पैसे परत मिळवले असतील तर कृपया नेमकं काय केलंत ते सांगा.