देवापुढे वाकणं : तुमचे अनुभव लिहा

उपवासकाळात आमच्या बायबल अभ्यासात लूक 18 चालू होतं. दोन माणसं मंदिरात प्रार्थनेला जातात, एक परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहूदी, आणि एक जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजत असा कर गोळा करणारा. परुशी खोटं बोलत नाही. तो खरोखरच आठवड्यातून दोनदा उपास करतो, दशमांश देतो. पण त्याची सबंध प्रार्थना वाचून काढली तरी त्याने देवाकडे काहीही मागितलेलं सापडत नाही. हे लक्षात आल्यापासून मला चैन नाही. नम्रतेवर प्रवचनं आपण पुष्कळ ऐकतो, म्हणून इथे उपदेश नकोत. स्वतःवर गुदरलेलं लिहा. सुरुवात मी करते.

पवित्र गुरुवारच्या पाय धुण्याच्या विधीची तयारी कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. घंगाळं, टॉवेल, कोमट पाणी, सगळं मी बघते. एका वर्षी 12 जणांतलं एक माणूस आलं नाही आणि पाळकसाहेब म्हणाले, "ताई, तुम्हीच बसा." सकाळपासून उभी होते, टाचांना भेगा पडलेल्या, भेगांत धूळ. मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. ते गुडघ्यांवर बसून वाट बघत राहिले. शेवटी पाय पुढे केला, तेव्हा त्यांनी टाच तळहातावर घेतली आणि हलकेच पाणी सोडलं. पाणी मीच आणून ठेवलेलं, तरी ते माझ्यासाठी असेल असं कधी वाटलंच नव्हतं. येशू शिष्यांचे पाय धुवायला आला तेव्हा "तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत" असा पेत्र या शिष्याने धरलेला हट्ट मी नम्रतेचा समजत होते. त्या दिवशी रडू आवरलं नाही.

•

मी आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, खजिनदार होतो. एका वर्षअखेरीला हिशेब जुळेना, 27 चा फरक. तीन संध्याकाळी वह्या चाळल्या. खरं सांगायचं तर वह्या चाळत होतो आणि मनात दानपेटी मोजणाऱ्या तरुणाला दोषी ठरवून मोकळा झालो होतो. बोललो नाही, पण रविवारी त्याच्या नमस्काराला उत्तरही दिलं नाही. चौथ्या दिवशी तोच शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "काका, फरकाला 9 ने भाग जातोय. कुठेतरी आकडे उलटे पडले असतील." हिशेब लिहिणाऱ्या प्रत्येकाला ही खूण माहीत असते. मलाही होती. चूक माझी असू शकते हे गृहीतच धरलं नव्हतं, म्हणून ती वापरावी असं सुचलं नाही. 85 च्या जागी 58 लिहिलेलं, माझ्याच अक्षरात.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर घेण्याचा विधी. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी समेट करायला जा, असं मत्तय 5 मध्ये आहे. मी उठलो, मागच्या बाकावर गेलो आणि त्याला सगळं सांगितलं, मनातलं धरून. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो गोंधळला, मग माझा हात धरून उभा राहिला. त्यानंतर पुढे जाऊन भाकर घेताना पहिल्यांदाच हात कापत होते.

•

खजिनदारकाकांचं वाचून थांबले. मला थोडं वेगळं सांगायचं आहे, आणि ते इथे यायलाच हवं.

"लीन राहा" हे वाक्य मला वर्षानुवर्षं गप्प बसवायला वापरलं गेलं. घरात अपमान व्हायचा, आणि मंडळीतली वडीलधारी माणसं म्हणायची, सहन कर, देव नम्रांना उंच करतो. मीही तसंच मानून चालले. मग एकदा योहान 18 वाचताना अडले. महायाजकापुढे येशूला चपराक बसते आणि तो विचारतो, मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? ज्याने शिष्यांचे पाय धुतले, तोच हा प्रश्न विचारतो. त्या रात्री गुडघे टेकले आणि देवाला म्हटलं, तुझ्यापुढे मी धूळ आहे, पण तू मला कुणाच्या पायाखालची धूळ म्हणून घडवलं नाहीस. दुसऱ्या दिवशी मदत मागितली. देवापुढे वाकल्यावरच माणसांपुढे ताठ उभं राहायचं बळ आलं. कुणी आज माझ्या जागी असेल, तर तिने नम्रतेच्या नावाखाली मार खाऊ नये, ही हात जोडून विनंती.

•

वरच्या ताईंना मनापासून आमेन.

धर्मशिक्षण घेताना ग्रीक शिकलो. 'लीन' यासाठी नव्या करारात 'तापेइनोस' हा शब्द येतो. ग्रीक जगात तो बहुतेकदा हलक्या, खालच्या माणसासाठी वापरत. मत्तय 11:29 मध्ये येशू तोच शब्द स्वतःसाठी वापरतो, "मी मनाचा सौम्य व लीन आहे." परीक्षेत यावर छान उत्तर लिहिलं, गुणही चांगले पडले. पुढे मोठ्या आजारात चार महिने अंथरुणावर होतो. तेव्हा प्रार्थनेला शब्दच सुचेनात, ग्रीकमध्ये नाहीत आणि मराठीतही नाहीत. "प्रभू, दया कर" एवढंच जमायचं. जकातदाराचीही साधारण तेवढीच होती.

•

माझं थोडक्यात. बाळ आजारी असताना मी देवाशी सौदे करत होते. हा बरा झाला तर अमुक करीन, तमुक सोडीन. बाळ सावरलं, पण ती सवय राहिली. प्रत्येक प्रार्थनेत काहीतरी देऊ करायचं, म्हणजे मागायला तोंड राहतं. स्तोत्र 131 तीनच वचनांचं आहे. त्यात दूध तोडलेलं मूल आईपाशी असावं तसा माझा जीव आहे, असं म्हटलंय. तान्हं का नाही, दूध तोडलेलंच का, हे मला कधी उमजलं नव्हतं.

मागच्या महिन्यात आमच्याचं दूध तोडलं. पहिले काही दिवस रडला, पदर ओढायचा. काल रात्री आला, छातीवर डोकं टेकलं आणि तसाच पडून राहिला. काहीच मागत नव्हता.