कच्च्या मुलांना वेगळी सोपी गणितं?

वर्गात कच्च्या मुलांना वेगळी, सोपी गणितं द्यावीत असं काहीजण सुचवतात. त्याने दरी वाढतेच. गणित एकच ठेवा, आधार कमी-जास्त करा.

(अ + ३)² = अ² + ९ ही नेहमीची चूक घ्या. सूत्र घोकून घेण्यापेक्षा अ = १ घालायला सांगा: डावीकडे १६, उजवीकडे १०. (अ = ० नको, दोन्हीकडे ९ येऊन चूक झाकली जाते.) मग अ + ३ बाजूचा चौरस काढून चार तुकडे पाडायला लावा, विसरलेले ३अ चे दोन आयत तिथे दिसतात. अडलेल्यांना आकृती आखून द्या. ज्यांचं लवकर झालं त्यांना (अ − ३)² ची आकृती काढू दे, ती खरंच चकवते.

आणि उत्तरासाठी लगेच हात वर नकोत, तेच चौघे बोलतात. आधी दोन मिनिटं वहीत.